उघड्या पोटाची कौदी

जत्रेचा पहिला दिवस मावळला तरी धाकटी जाऊ शैलश्री आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधारानी पूजेला बसली, तेव्हा तिचे कान दाराकडेच होते. डाव्या तळहातावर इष्टलिंग, कपाळी विभूती, पुढ्यात बेलाची पानं. डोळे लिंगावर ठेवायचे आणि मन लिंगात, असं तिला सासूने, रत्नम्माने, लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी शिकवलं होतं. डोळे राहिले होते. मन मात्र ओसरीत चप्पल वाजली की उठून उभं राहत होतं. शेवटी तिने लिंगालाच हळूच सांगितलं, "तू बघायलासच. मी आणि काय येगळं सांगू?" मग लिंग वस्त्रात बांधून गळ्यात घातलं आणि ती उठली.

ही जत्रा देवाची नव्हती. शेजारच्या सुशीलाबाईंची मंजुश्री कलबुर्गीला चित्रकला शिकून आली आणि तिने गावाला हे वेड लावलं. ज्याच्या हाताला काही येतं, त्याने दोन दिवस आपलं घर उघडं ठेवायचं. येणाऱ्याने आत यावं, बसावं, बघावं, हात लावून पाहावं. ईरण्णाचं चाक, भीमण्णाचा कांबळ्याचा माग, शाळेच्या वर्गात बिदरहून आलेले बिदरी नक्षीचे कारागीर, गल्लोगल्ली हलगीवाले, आणि संध्याकाळी बसवण्णाच्या देवळापुढे गाणं. पंचायतीच्या कट्ट्यावर बैठक झाली तेव्हा कुणीतरी विचारलं, पाहुण्यांना आवतण कुणी द्यायचं? मंजुश्री म्हणाली, "कुणालाच द्यायचं न्हाई. दार उघडं हाय म्हणजे आवतणच समजायचं."

त्या एका बोलण्यावर बायकांच्या मागच्या रांगेतून सुधारानीचा आवाज आला होता, "आमचं बी घर धरा. आमच्याकडं कौदी हाय."

लोकांनी वळून पाहिलं होतं. काशप्पांची थोरली सून चारचौघांत बोलते, हेच पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

आता ती ओसरीत आली तर सिद्धलिंग नेहमीसारखा दारातच खुर्ची टाकून बसलेला. खुर्ची अशी की आत येणाऱ्याला त्याला विचारल्यावाचून पाय टाकता येऊ नये.

"अहो, खुर्ची जरा बाजूला घ्या. दार अडायलंय."

"अडू दे की. काल कुठली कुठली माणसं येऊन गेली. एक बाई तर चुलीचा फोटू काढायली. म्हणलं, चूल कवा बघितली न्हाईस का बाई? तर म्हणती, अशी न्हाई बघितली."

"मग तुमी काय केलाव?"

"काय करतो? लाकडं नीट लावून दिलो. फोटूत घर चांगलं दिसाव म्हणून."

सुधारानी हसली नाही, पण तिचे डोळे हसले. नवऱ्याचा स्वभाव तिला ठाऊक होता. रागाला आला की दार लावायचा आणि लावलेल्या दाराआड बसून वाट बघायचा. तिने खुर्चीची पाठ धरून ती हळूच भिंतीशी सरकवली. सिद्धलिंग खुर्चीसकट सरकला.

मधल्या खोलीत वळणीवर कौदी, ह्या मुलखातली गोधडी, पसरलेली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पडद्यासारखी. रत्नम्माचं लग्नातलं हिरवं इरकली लुगडं, काशप्पांची धोतरं, सिद्धलिंगचे आणि त्याच्या धाकट्या भावाचे, रेवणसिद्धचे, लहानपणचे सदरे, सुधारानीच्या दोन साड्या, शैलश्रीची डोहाळजेवणाची पिवळी साडी. कडेपासून आत आत जाणारे बारीक धावटाके, शेतातल्या तासांसारखे सरळ, आणि अगदी मधोमध वीतभर चौकोन उघडा. आतले थर दिसायचे.

धाकट्या जावेला दिवस गेले तेव्हा रत्नम्माने ही कौदी शिवायला काढली होती. सुधारानीने विचारलं होतं, "अत्ती, लेकराला एवढी मोठी?" तर म्हणाली, "लेकरू काय लेकरूच राहतंय का? ही तिच्या सासरला जाईल." कौदीचं पोट भरायच्या आदल्या दिवशी ती दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. शैलश्री तेव्हा बसवकल्याणला माहेरी, दहा-बारा दिवसांची बाळंतीण. निरोप पोचून, गाडी मिळून, पोरीला पदराखाली घेऊन ती दारात आली, तेव्हा माती होऊन गेली होती. आणि माणसांनी भरलेल्या ओसरीत सिद्धलिंग म्हणाला होता, "मातीला आली न्हाईस, आता कामून आलीस? ह्या घरात तुझं काय काम न्हाई."

लिंगवंताच्या घरात सुतक नाही, विटाळ नाही. बाळंतिणीला दारातून परत लावायला आड घेता येईल असं शास्त्रसुद्धा नव्हतं. शैलश्री उंबऱ्याबाहेरूनच वळली. रेवणसिद्धने त्याच महिन्यात ठाणाकुशनूरच्या रस्त्यावर चार पत्रे टाकून घर केलं. पोरीचं नाव ठेवलं रत्नम्मा. सगळं गाव तिला रत्नू म्हणतं. सिद्धलिंगने तीन वर्षांत ते नाव तोंडातून काढलं नाही. "रेवणची पोरगी" म्हणायचा. ज्यानं जा म्हणलं त्यानं ये म्हणावं, हा शैलश्रीचा हट्ट. मी म्हणणार न्हाई, हा त्याचा.

आणि मधे ही कौदी. ह्या घरची रीत अशी की कौदीच्या पोटात शेवटचा टाका घालण्याआधी भाकरीचा तुकडा ठेवायचा. कौदी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला झोप लागत नाही. तो तुकडाही ज्याच्या अंगावर कौदी जाणार, त्याच्याच चुलीचा हवा. पोट भरेपर्यंत कौदीची घडी घालायची नाही. म्हणून ती तीन वर्षं वळणीवर उभीच होती, आणि तेवढीच वर्षं सुधारानीने ज्वारीची भाकरी तोंडात घातली नव्हती. भात खायची, कधी उप्पीट. ह्या मुलखात भाकरीशिवाय जेवण म्हणजे जेवण नव्हेच. पण तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. कौदीचं पोट भरेपर्यंतचा नेम होता. नेमाचा बोभाटा करत नाहीत.

हैदराबादहून आलेली एक बाई काल कौदीपुढे बराच वेळ उभी होती. मधल्या चौकोनावर बोट ठेवून तिने सिद्धलिंगला विचारलं, "ये बीच में काय कू छोड़ दिए?"

सिद्धलिंगने घसा खाकरला. "काम चालू है," म्हणाला.

उन्हं ओसरीत आली तेव्हा सुशीलाबाई दोन-तीन बायका घेऊन आल्या. सुशीलाबाई श्रीपतरावांच्या घरच्या, मराठ्याच्या. पण दोन्ही घरांत भिंत एकच आणि ताकाचं तांब्या-भांडं इकडून तिकडे रोजचं. आल्या आल्या त्यांनी सुधारानीच्या हनुवटीला हात लावला.

"काय गं माय, किती वाळलीस! भातानं काय अंग धरतंय का?"

"चांगली हाय की मी."

"चांगली म्हणे! चुलीतलं सरपण बरं दिसतंय तुझ्यापरीस."

एवढ्यात मंजुश्री धावत आली. गळ्यात शिट्टी, हातात फोन, केस सुटलेले. "काकू, तुमी जरा देवळाकडं या. काशप्पाआजोबा पेटी उघडायला तयार न्हाईत. संध्याकाळचं गाणं सगळं त्यांच्यावर हाय. म्हणतेत, सुनंला बोलव, तिलाच सांगतो."

"जा तू," सुशीलाबाई म्हणाल्या. "आमी हाव की हितं. आल्यागेल्याला बघताव."

---

काशप्पा देवळाच्या ओट्यावर पेटीवर हात ठेवून बसले होते. पेटीला कापड गुंडाळलेलं. मागे मंडपात पोरं माईकवर फुंकरा मारत होती.

सुधारानी ओट्याच्या पायरीवर बसली. "अप्पा, पोरीनं लई धडपड केलीय. गावाबाहेरून माणसं आलेत."

"मला का दिसत न्हाई व्हय?" म्हाताऱ्याचा आवाज अजून भजनाचाच होता, भरलेला. "पर मी एकटा काय वाजवू? रेवण तबल्यावर बसायचा, सिद्धू झांज धरायचा, मागं तुझी अत्ती म्हणायची. आता तबल्याला उदगीरचं भाड्याचं पोरगं आणलेत. चांगलं वाजवतंय. पर ते माझ्या तोंडाकडं बघत न्हाई, घड्याळाकडं बघतंय."

"रेवणभावजीला तुमी सांगितलाव तर येतील."

"येईल. बायकोला घरात ठेवून येईल. तसं आलेलं मला नको." काशप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "तू घर का उघडलीस, मला पयल्या दिवशीच कळलं. आवतण न देता ती यावी. तिचा बी हट्ट राहील, ह्याचा बी राहील. व्हय का न्हाई?"

सुधारानीने मान खाली घातली.

"बरं केलीस. पर आक्का," आपल्या सुनेला ते कधी कधी असंच म्हणायचे, लेक नव्हती म्हणून, "दार उघडं ठेवणं येगळं, आन बोलावणं येगळं. वाऱ्यालाबी दार उघडंच असतंय. ज्या पोरीला दारातून परत लावलाव, ती उघड्या दारातनं येत न्हाई. तिला घ्यायला जावं लागतंय."

हे आपल्याला का सुचलं नाही, असं तिला वाटलं नाही. सुचलं होतं. तीन वर्षांत कितीदा तरी ती ठाणाकुशनूरच्या रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती, लाडू घेऊन, रत्नूला झबलं घेऊन, आणि शैलश्रीच्या अंगणात बसून, चहा पिऊन परत आली होती. पण ती जावेची जावेकडे भेट होती. घर गेलं नव्हतं. घर म्हणजे तो, खुर्ची टाकून बसलेला.

"अप्पा, तुमी पेटीचं कापड तरी काढा," ती उठत म्हणाली. "बाकीचं मी बघते."

"तू काय बघतीस?"

"बघते," ती म्हणाली.

---

घरात शिरताच तिला आधी वळणी दिसली. रिकामी.

मधल्या खोलीत बायकांचं रिंगण बसलेलं. जत्रेला आलेल्या दोन पाहुण्या बायकाही मांडी घालून, हातात सुया घेऊन, खुशीत. मधे चटईवर कौदी. घडी घातलेली. वर हळदीकुंकू वाहिलेलं.

"ये ये!" सुशीलाबाई उठल्या, डोळ्यांत पाणी. "सोडवलं माय तुला! आमच्यात गेल्या माणसाची कौदी घरच्यानं पुरी करत न्हाईत, शेजारणींनीच पोट भरायचं असतंय. इतकी वरसं मनात हुतं, आज म्हणलं दिवस चांगला हाय, घर उघडं हाय, चार सवाष्णी जमलेत. माझ्या तव्यावरची भाकरी घातले बघ. समद्यांनी एक एक टाका घातला." आणि त्यांनी पदराखालची ताटली पुढे केली. भाकरी, वर लोण्याचा गोळा, हिरव्या मिरचीचा ठेचा. "घे. तू सांगितली न्हाईस म्हणून मला का कळत न्हाई व्हय? तुझा नेम फिटला. खा."

सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. पाहुण्या बाईने फोन वर धरला होता. दारात सिद्धलिंग उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुधारानीला जे दिसलं ते तिला बोचलं. त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

"झालं की," तो म्हणाला. "बरं झालं. घोर मिटला. खा आता, बायका एवढं म्हणायलेत तर."

ताटलीतून वाफ येत होती. तीन वर्षांनी इतक्या जवळ आलेला तो वास. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, तिला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याच लाजेने ती सावध झाली. खाल्लं तर संपलं. सगळ्यांच्याच दृष्टीने संपलं. कौदी घडी घालून पेटीत जाईल, सुशीलाबाई समाधानाने घरी जातील, हा खुर्ची परत दारात ओढील, आणि एक पोरगी आजीच्या हाताची ऊब न घेता मोठी होईल.

तिने ताटली घेतली, कपाळाला लावली आणि कोनाड्यात ठेवली. मग खाली बसली, घडी उलगडली, आणि कोनाड्यातलंच ब्लेड काढून मधल्या चौकोनाचा पहिला टाका कापला.

"अगं!" सुशीलाबाईंच्या तोंडून आवाज फुटला. "अगं काय करायलीस? भरल्या पोटाचं उसवतेत का कुणी?"

"सुधा!" सिद्धलिंग आत आला. "डोस्कं फिरलंय का? लोक बघायलेत!"

"बघू द्या. दार उघडंच हाय," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, मांजराला हाकलतानासुद्धा न चढणारा. ब्लेड थांबलं नाही. एकेक टाका ती अलगद कापत होती, खालचं कापड दुखू नये असा. सगळे सुटल्यावर तिने भाकरीचा तुकडा बाहेर काढला आणि सुशीलाबाईंच्या हातात ठेवला. त्यांचे हात धरूनच ठेवले.

"माय, तुमचं काय चुकलं न्हाई. तुमच्या रीतीनं तुमी माया केलाव. ह्या घासाला मी पाया पडते. पर ही कौदी रत्नूची हाय. हिच्या पोटात रत्नूच्या आईच्या चुलीचं पायजे. ह्यो घास आपल्या गाईला द्या."

सुशीलाबाईंनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. रागावतील असं सगळ्यांना वाटलं. मग त्यांनी नाक ओढलं. "आधी सांगायचं की गं मुके!" म्हणाल्या. "तीन वरसं नुसती गप! आमी काय सपनात बघाव?"

सुधारानी उठली. कौदीचं एक टोक तिने दोन्ही हातांत घेतलं, छातीशी धरलं आणि नवऱ्याकडे वळली.

"दुसरं टोक धरा."

"कशाला?"

"पोट उघडं हाय. घडी घालता येत न्हाई."

"ते मला कळतंय. कुठं न्यायलीस?"

"जितली भाकरी हाय तितं."

सिद्धलिंगचा चेहरा लाल झाला. "मी येणार न्हाई."

"बरं," ती म्हणाली आणि चालायला लागली.

कौदी तिच्यामागून निघाली. चटईवरून सरकली, उंबऱ्यावर चढली, उतरली. शेवटचं टोक म्हणजे हिरव्या इरकलीचा कोपरा होता, रत्नम्माच्या लग्नातल्या लुगड्याचा. अंगणात सकाळच्या पाण्याचा चिखल होता. सुधारानीने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचा धीर सुटला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती फक्त हातांना लागणाऱ्या वजनाकडे लक्ष ठेवून होती. एक पाऊल, आणि एक. मग एकाएकी वजन हलकं झालं.

"आईचं लुगडं चिखलात घालतीस व्हय गं," मागून सिद्धलिंगचा आवाज आला. घोगरा. "चल. पर मी बोलणार न्हाई. धरून उभारतो, तेवढंच."

"तेवढंच धरा," ती म्हणाली.

---

गल्लीत माणसं दाटलेली. एवढी रंगीत कौदी दोघांनी ताणून धरून चाललेली पाहून लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमच. वाट सुटत गेली. ईरण्णाने चाक थांबवून मातीचे हात जोडले. भीमण्णाच्या दारातले हलगीवाले चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवले, हलग्या गळ्यात घातल्या आणि कुणी न सांगता पुढे होऊन वाजवायला सुरुवात केली.

"हे कामून वाजवायलेत?" सिद्धलिंग दातांवर दात धरून म्हणाला.

"त्यांना इचारा."

"माझे हात गुंतलेत!"

"माझे बी."

पुढे हलगी, मागे कौदी, तिच्या मागे सुशीलाबाई, पाहुण्या बायका, फोन उंच धरलेली पोरं. लग्नाच्या वरातीत चालला नसेल इतका ताठ सिद्धलिंग चालत होता. ओळखीचं कुणी दिसलं की मान आभाळाकडे. चनमल्लप्पाने पानाच्या दुकानातून हाक मारली, "सावकार, कुणाच्या घरला आहेर निघाला?" आणि सिद्धलिंगने मान आणखी वर केली. पण सुधारानीला हातातून कळलं. कौदी किंचित जास्त ताणली गेली होती. त्याने मूठ घट्ट केली होती.

ठाणाकुशनूरच्या रस्त्याला लागताना मंजुश्रीच्या लक्षात आलं, ही मिरवणूक कुठे चालली आहे ते. तिने पुढे पळत जाऊन हलगीवाल्यांना हातानेच थांबवलं. शेवटचं अंतर सगळे मुकाट्याने चालले. मागची माणसं लिंबाखाली थांबली. अंगणात दोघंच गेली, कौदी मधे धरून.

हलगीचा आवाज आधी ऐकू आलाच होता. शैलश्री दारात उभी होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे. मागे चुलीवर तवा. रेवणसिद्ध बाजूच्या बाजेवरून उठला, पण पुढे आला नाही. रत्नू आईच्या लुगड्याला धरून कौदीकडे बघत होती.

अंगणात नुकताच सडा घातलेला, ओला. कौदी टेकवायची सोय नव्हती.

"अक्का," शैलश्री म्हणाली. नजर मात्र दुसऱ्या टोकाकडे. "हे काय आणलाव?"

सुधारानीला उत्तर येत होतं. वाटेभर ती ते जुळवत आली होती. पण तिने ओठ मिटले. सगळं आयुष्य ती गप्प बसली होती ते भीतीने, संकोचाने, सवयीने. आजचं गप्प बसणं तिने मुद्दाम निवडलं.

वेळ गेला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. सिद्धलिंगचे हात भरून आले. कौदी जड, आणि तो साठीला टेकलेला. एक कोपरा किंचित खाली आला. त्याने तो परत वर घेतला.

"शैला," तो म्हणाला. "भाकरी दे."

"कुणाला?"

"कौदीला."

"कुणाच्या कौदीला?"

सिद्धलिंगने पोरीकडे पाहिलं. तिचं कपाळ अगदी त्याच्या आईसारखं होतं, पुढे आलेलं, हट्टी.

"रत्नम्माच्या," तो म्हणाला. आणि तो शब्द ओठांतून गेल्यावर त्याचा आवाजच फुटला. "रत्नूच्या. आईनं तिच्यासाठी... पोट भरायचं राहिलं बघ."

शैलश्री जागची हलली नाही. "त्या दिवशी मी लेकरू घेऊन दारात हुते, भावजी. टाके सुकले नव्हते माझे. पाणी पितीस का म्हणून बी कुणी इचारलं न्हाई."

"व्हय."

"मला बी त्यांचं तोंड बघायचं हुतं. तुमचीच आई हुती का ती?"

"न्हाई." डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याला हात मोकळे नव्हते, ते तसंच गालावरून खाली आलं. "मी दार लावायला नको हुतं. बाळंतीण बाई तू. माझंच चुकलं. मी त्या दिवसापासून... दारातच बसलोय बघ."

रेवणसिद्धने तोंड फिरवलं. शैलश्री आत गेली. आतून तव्याचा, उलथण्याचा आवाज आला. करपलेली बाजूला टाकून ती दुसरी भाकरी थापत होती. बाहेर कुणी घाई केली नाही. ती बाहेर आली तेव्हा हातात फुगलेली, टम्म भाकरी होती. तिने बाज मधे ओढली, "ह्यावर टेकवा," म्हणाली. कौदी बाजेवर पसरली. शैलश्रीने भाकरीचा एक तुकडा मोडून उघड्या चौकोनात, सगळ्यांत आतल्या थरावर, काशप्पांच्या धोतरावर ठेवला. सुधारानीने कमरेच्या पिशवीतली सुई ओवून दिली. शैलश्री डावखुरी; तिचे टाके रत्नम्माच्या टाक्यांना सामोरे येत गेले आणि शेवटच्या ओळीत त्यांना मिळाले.

दोरा दाताने तोडून तिने उरलेली भाकरी सुधारानीपुढे धरली. "घ्या अक्का. मला समदं ठाऊक हाय, तुमी काय खात नव्हताव ते."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमी हितं कितीदा आलाव! एकदा बी भाकरीला हात लावला न्हाई. मी काय आंधळी हाव का?"

सुधारानीने गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि घास घेतला. कोरडाच. मीठ थोडं जास्त झालं होतं. तिने सावकाश चावला.

तेवढ्यात गावातून, मंडपाच्या भोंग्यातून, पेटीचा आवाज आला. नुसते सूर, ठेक्यावाचून, कुणाची तरी वाट बघत एकाच जागी घुटमळणारे. काशप्पांना निरोप पोचला होता. रेवणसिद्ध क्षणभर ऐकत उभा राहिला, मग आत जाऊन तबल्याची पिशवी खांद्याला लावून आला. "अप्पानं लई वर धरलाय सूर," तो कुणाकडे न बघता म्हणाला आणि धावतच निघाला.

"तू बी चल," सुधारानी जावेला म्हणाली. "घरी चल. मग देवळात जाऊ."

शैलश्रीने मान हलवली. "आज न्हाई, अक्का. आज तुमी आलाव. गाणं हितूनच ऐकते. मी येईन ते माझ्या दिवशी येईन, लेकीला नटवून, दुपारच्या टायमाला. समद्या गल्लीला दिसाव असं."

"ये," सिद्धलिंग म्हणाला. "दारात खुर्ची राहणार न्हाई."

शैलश्रीने कौदीचे दोन कोपरे उचलले. पलीकडे त्याच्या हातात दोन होते. तो अजून सोडायला विसरला होता. थोरला दीर आणि धाकटी भावजय, मधे सासूची कौदी. एरवी तिने पदर पुढे घेऊन बाजूला व्हायचं, त्याने पाठ फिरवायची. कोपरे सुधारानीकडे द्यावेत म्हणून त्याने तिच्याकडे पाहिलं. सुधारानीने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"धरलाव तर सोडू नका, भावजी," शैलश्री म्हणाली. "पोट भरलंय तिचं. आता घडी घालायची हाय."

सिद्धलिंग कोपरे उंच धरून पुढे आला.